हलकं फ्लायव्हील

बाबांनी स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा गावात दोन मतं होती. एक, म्हातारा येडा झालाय. दुसरं, म्हातारा आधीपासूनच येडा होता. बदलापूरच्या कडेला आमची भातशेती होती, तिथे आता लिफ्टवाल्या इमारती उभ्या आहेत. जमीन गेल्यावर गावातल्या बाकीच्यांकडे जे आलं ते आमच्याकडेही आलं: बंगला, सोनं, भावाचे डंपर. आणि सगळ्यांचं सगळं घेऊन झाल्यावर बाबा एक दिवस मुंबईहून दोन दारांची, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी जपानी गाडी घेऊन आले. तीही नवी नाही, चांगली वापरलेली. आई ओवाळायला ताट घेऊन आली, वाकून आत बघितलं, मागे सीटच नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि ताट तसंच घेऊन ती घरात गेली.

तरुणपणी बाबा दुसऱ्याच्या वीटभट्टीचा टेम्पो चालवायचे. विटा भरायच्या, विटा उतरवायच्या, आणि मधला वेळ गाडी चालवायची, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. ही गाडी का घेतली असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जिच्यान कायपन भरता येत नाय अशी गारी मना पायजे होती." मला ते लगेच पटलं. घरात दुसऱ्या कुणाला पटलं नाही.

मी अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे राहते आणि आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात काम करते. आमच्याकडे पंपांचे फिरणारे भाग बनतात. ते गरगर फिरताना थरथरणार नाहीत ना, म्हणजे त्यांचा तोल नीट आहे ना, हे तपासणं माझ्याकडे आहे. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. माझं म्हणणं असं की, यंत्राला एक नियम आणि आपल्याला दुसरा असं मानणारी माणसं समोर आली की कुणीही तापेल. दुसरी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या घरात बापाला अरे-तुरे करतात. कारखान्यातल्या मैत्रिणी फोनवरचं माझं बोलणं ऐकून दचकतात, पण आमच्यात ते प्रेमानेच असतं आणि भांडतानाही तेच चालतं.

गाडी येऊन बरीच वर्षं झाली. गावाला तिची सवय झाली. आई गेली. बाबांचा डावा गुडघा धरायला लागला. गेल्या वर्षी बदलापूरच्या बाजारात पाय क्लचवरच अडकून राहिला आणि गाडी जाऊन एका रिक्षाला टेकली. कुणाला काही झालं नाही. रिक्षावाला चहा पिऊन गेला. पण धाकट्या भावाने ते मनात ठेवलं. तो डंपर चालवणाऱ्यांना कामावर ठेवतो आणि काढतो, त्यामुळे कुणी गाडी चालवावी आणि कुणी नाही याचा निकाल द्यायची त्याला सवय आहे. एका रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना तो म्हणाला, "बाबा, चावी आता मना दे. कई जायाचा आसला तर पोरगा सोरेल."

बाबांनी भाकरी मोडली. "तुज्या पोराचा लगीन हाय ना? नवरदेवाला माज्या गारीन मी नेनार. घरापासून मांडवापरत. त्या दिशी काय झाला, तर चावी तुजी. काय नाय झाला, तर परत इशय काराचा नाय."

भावाने माझ्याकडे बघितलं. मी कालवणात बघितलं. "चालल," तो म्हणाला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, त्यामुळे ते कायम झालं.

आता अडचण अशी होती की, गाडीचा क्लच गेला होता. चढावर रेस दिली की इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र निवांत. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांची गाठ. पाय दाबला की गाठ सुटते, पाय सोडला की बसते. ती गाठ सरकायला लागली होती. क्लचची प्लेट ज्या जड लोखंडी चाकावर घट्ट बसते त्याला फ्लायव्हील म्हणतात. ते इंजिनाच्या मागच्या टोकाला असतं आणि सतत फिरत असतं. जात्याची वरची पाळू जड असते म्हणून हात क्षणभर थांबला तरी जातं थांबत नाही, तसंच याचं काम.

आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो. तिथे जुन्या गाड्यांचे भाग मिळणारी गल्ली आहे, आणि त्या गल्लीत मिळत नाही ती वस्तू बनलीच नसावी असा आमच्या भागात समज आहे. सिंधी दुकानदाराने आमच्या गाडीचं नाव ऐकलं, डोळे मिटले, आणि पोटमाळ्यावर माणूस चढवला. दोन गोष्टी खाली आल्या. एक जुनीच, साध्या अस्तराची क्लच प्लेट, नवीन अस्तर मारून देता येईल अशी. दुसरा अख्खा संच: अस्तराच्या जागी जाड तांबूस वड्या असलेली प्लेट, तिला दाबणारी कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट, आणि चकचकीत, कोरून कोरून बारीक केलेलं फ्लायव्हील.

"साईं, ये रेसिंग का माल है," दुकानदार म्हणाला. "एक बार डालो और भूल जाओ. क्लच का नाम नहीं लोगे दोबारा."

आमचं जुनं फ्लायव्हील खोलल्यावर कसं निघेल त्याचा अंदाज यावा म्हणून त्याने तशाच दुसऱ्या गाडीचं एक काउंटरवर ठेवलं. बाबांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि खाली ठेवलं. मग नवीन उचललं. ते एका हातात आलं. बाबांचा चेहरा खुलला.

"ही बग. कवरी हलकी हाय. पायाला बरी परल."

मी समजावलं. फ्लायव्हील हलकं असण्याचा आणि पेडल हलकं असण्याचा काहीही संबंध नाही. पेडल जड होतं ते प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगमुळे, आणि ही स्प्रिंग जुन्यापेक्षा कडक आहे. म्हणजे पायाला जडच पडेल. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे एक हलका झाला, एक जड झाला," ते म्हणाले. "बराबर झाला की."

दुकानदार इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. मी साध्या प्लेटचं आणखी एकदा सुचवलं. पण खरं सांगायचं तर ते हलकं फ्लायव्हील मी तोवर हातात घेतलं होतं आणि मला ते सोडवत नव्हतं. कोरीव काम सुरेख होतं. ते आमच्या मशीनवर चढवून फिरवून बघायची मला इच्छा झाली होती. ही गाडी एकदा तरी तिच्या मनासारखी पळावी असं मलाही वाटत होतं. संच बांधून घेतला.

काम भावाच्या डंपरच्या यार्डात केलं. तिथे गाडीखाली उतरायला खड्डा आहे आणि जड वस्तू उचलायला चेन पुली आहे. रविवारी यार्डात भाऊ आणि कुत्री सोडली तर कुणी नसतं. गिअरबॉक्स पुलीला टांगून मागे सरकवला, तेव्हा आतून क्लचच्या धुळीचा काळा भुगा पडला. जुन्या फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग पडले होते, तव्यावर पडतात तसे, आणि केसाएवढे तडे. ते बघून मला बरं वाटलं. बदलणं गरजेचं होतं याचा पुरावा मिळाला की माणसाला बरं वाटतं.

नवीन फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मी कारखान्यात नेली. साहेबांची परवानगी काढली होती. दोन्ही एकत्र जोडून तोल बघितला. दुकानदाराच्या रेसिंगच्या मालात एका बाजूला चांगलंच वजन जास्त होतं. थोडं ड्रिल मारून काढलं, परत फिरवलं, परत काढलं. शेवटी मशीनचा काटा इतका शांत झाला की साहेब स्वतः बघायला आले आणि पंपांचं काम का अडलंय ते विचारून गेले. प्लेट बसवताना ती अगदी मधोमध लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत जात नाही. त्यासाठी नायलॉनचा एक खोटा दांडाही मी लेथवर काढून आणला.

बाबा खड्ड्यात उतरून बोल्ट आवळत होते. फ्लायव्हीलचे बोल्ट समोरासमोरचे घेत, ठरलेल्या जोराने आवळायचे असतात आणि तो जोर दाखवणारा पाना मी आणला होता. बाबांनी तो बाजूला ठेवला.

"टेम्पोचा बोल्ट पाय दिऊन आवळायाचो आमी."

"हा टेम्पो नाय, बाबा. जास्त आवळलास तर तुटेल."

"मना हातालाच कलतं."

"हाताला कळत असतं तर मी कशाला शिकले?" मी त्यांच्या हातातून पाना काढून घेतला. ते इतके रागावले की चहा येईपर्यंत बोलले नाहीत. चहा आल्यावर अर्धी बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "आवल तुज्या पान्याने." त्या रविवारांबद्दल मला आजही काही दुसरं म्हणायचं नाही. मी खूष होते. लग्नानंतर बापाबरोबर एका कामात इतका वेळ मी कधीच घालवला नव्हता.

संध्याकाळी खड्ड्यातून वर येताना मात्र त्यांना वेळ लागायचा. आधी उजवा पाय, मग डावा हाताने उचलून. भाऊ कार्यालयाच्या दारात फोन कानाला लावून उभा असायचा आणि बघायचा.  तो वाईट नाही. त्याला बाप जिवंत हवा होता, इतकंच.

आमच्या एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी असते, यार्डातले रविवार मी रजा टाकून काढले होते. रस्ते मोकळे, मोठमोठी फाटकं बंद. एका शुक्रवारी आम्ही गाडी तिथे नेली. बाबा चालवत होते, मी बाजूला. वळण संपलं, बाबांनी रेस दिली, आणि इंजिन असं काही उठलं की माझी पाठ सीटला चिकटली. आधी इंजिन विचार करून फिरायचं, आता विचार न करता फिरत होतं. गिअर बदलला की गाठ क्षणात बसायची. बाबा ओरडले. काय ओरडले ते शब्द नव्हते. मीही ओरडले. एका बंद कारखान्याचा वॉचमन खुर्चीवरून उठून फाटकाशी आला आणि आम्ही परत येताना त्याने सलाम ठोकला.

त्या दिवशी आणखी दोन गोष्टी मी बघितल्या होत्या. क्लच दाबताना बाबांचा डावा हात मांडीवर यायचा आणि मांडी खाली रेटायचा. आणि परतताना नाक्यावर, सावकाश निघायचं होतं तिथे, गाडी झटका खाऊन बंद पडली. "थंड हाय अजून," बाबा म्हणाले. गाडी थंड नव्हती. पण मोकळ्या रस्त्यावर इतकी मजा आली होती की मी विषय काढला नाही, आणि पुढच्या सगळ्या शुक्रवारी आम्ही मोकळ्या रस्त्यावरच गेलो.

गंमत अशी की, त्या गाडीला लग्नाच्या दिवशी जे करायचं होतं त्याचा आम्ही विचारच केला नव्हता. आमच्या गावात नवरदेवाच्या गाडीचा वेग नाचणारे ठरवतात. पुढे बेंजो पार्टी, म्हणजे वाजंत्र्यांचा ताफा, तिच्यामागे पोरं, पोरांच्या मागे बायका, आणि सगळ्यांच्या मागे नवरदेवाची गाडी. आधी गावदेवीच्या पाया पडायचं, मग प्रत्येक दारात कुणीतरी ताट घेऊन उभी असते तिच्याकडून ओवाळून घ्यायचं, आणि असं करत करत मांडवात पोचायचं. माणूस चालतो त्याच्याहून हळू. टेम्पो असता तर बाबांनी दिवसभर नेला असता. अर्धा पाय क्लचवर ठेवून गाडी तरंगत ठेवायची, ज्याला सगळे हाफ क्लच म्हणतात, त्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पण हाफ क्लच म्हणजे गाठ अर्धवट बांधलेली, आणि आमची ही रेसिंगची गाठ अर्धवट बसतच नव्हती. बसली तर पूर्ण, नाहीतर नाहीच. शिवाय हलकं फ्लायव्हील. त्याच्यात दम साठलेला नाही, जरा ओझं आलं की इंजिन बंद.

हे मला आता असं ओळीने सांगता येतंय. त्या दिवशी घरासमोर गाडी फुलांनी सजलेली होती, आत मुंडावळ्या बांधलेला भाचा बसला होता, बाबांनी पांढरा सदरा आणि टोपी घातली होती, आणि मला फक्त त्यांच्या गुडघ्याची काळजी होती. मी त्यांच्या खिडकीला धरून चालायचं ठरवलं होतं.

बेंजो सुरू झाला. बाबांनी पाय सोडला. गाडी उडी मारून बंद पडली.

लोक हसले. लग्नात लोक हसतातच. बाबांनी परत चालू केली. या वेळी पाय अर्ध्यावर धरला, आणि गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरायला लागली. भाच्याच्या मुंडावळ्या नाकावर आपटत होत्या. दोन घरं गेलो आणि परत बंद. गावदेवीपर्यंत कशीबशी पोचलो तेव्हा जळका वास सुटला होता. पुढच्या बायकांमधून कुणीतरी मागे वळून विचारलं, "टायर कोनी जालला गो?" देवीच्या पाया पडून निघताना परत बंद पडली, आणि आता कुणी हसलं नाही. बेंजो बराच पुढे गेला होता. पोरं नाचायची थांबून मागे बघत होती. बाबांच्या टोपीखालून घाम येत होता. डावा हात मांडीवर गेला, पण उजवा स्टीअरिंगवर अडकलेला आणि गिअरलाही डावाच लागत होता, म्हणून तो परत वर आला, आणि तेवढ्यात पाय घसरला.

"गारी ऐकत नाय, बाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

गर्दीतून वाट काढत भाऊ आला. त्याने दार उघडलं. आवाज चढवला नाही, पण आजूबाजूला सगळा गाव होता. "बाबा, उतर. बस झाला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.  मला खरोखरच कळत नव्हतं की हे गुडघ्याने होतंय की क्लचने. आणि गुडघ्याने होत असेल, तर भावाचं बरोबर होतं. बाबा उतरले. दाराला धरून, मग छताला धरून, बाजूला उभे राहिले. सजवलेल्या गाडीच्या शेजारी, सगळ्यांच्या नजरेसमोर, ते अचानक खूप म्हातारे दिसले. 

भाऊ आत बसला. धडधाकट माणूस, एकेकाळी स्वतः डंपर चालवून मांड्या खांबासारख्या झालेल्या. त्याने गाडी चालू केली, पाय सोडला, आणि गाडी उडी मारून बंद पडली.

त्याने परत केली. परत उडी, परत बंद. तिसऱ्या खेपेला त्याने भरपूर रेस दिली. गाडी सुटलेल्या बैलासारखी पुढे गेली, नाचणारी पोरं दोन्ही बाजूंना पांगली, आणि भावाने ब्रेक दाबल्यावर परत बंद. नवरदेव त्याला म्हणाला, "बाबा, मी चालत जाऊ का?"

सगळा गाव फुटला. मीही हसत होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणीही होतं, कारण आता मला कळलं होतं. मी ओरडून सांगितलं, "गाडीची चूक हाय! बाबाची नाय! गाडीच तशी हाय!" इतक्या जोरात की बेंजोवाल्यांनी वाजवायचं थांबवलं.

भाऊ लालबुंद होऊन उतरला. बाबांनी टोपी सरळ केली.

"हलू हलू चालाचीच नाय ती," ते मला म्हणाले. "एकदम सोरली का चालतं. पालवली का चालतं."

"मग पळव," मी म्हटलं.

"बेंजोला फुरं जाऊ दे."

मी पुढे जाऊन बेंजोवाल्याला सांगितलं. तुम्ही वाजवत पुढच्या विजेच्या डीपीपर्यंत जा आणि तिथे थांबून वाजवा. पोरांना म्हटलं, रस्ता मोकळा करा. बाबा परत आत बसले, बेंजो डीपीशी पोचला, मी हात वर केला. बाबांनी पाय पूर्ण सोडला. गाडी गरजली, सरळ गेली, आणि बेंजोच्या मागे येऊन बरोबर थांबली. गिअर काढला, पाय मोकळा. मग तिथे नाच झाला. दारातल्या बाईने ओवाळलं, आणि गाडी उभी असल्यामुळे निरांजन विझलं नाही, हे तिने सगळ्यांना सांगितलं. मग बेंजो पुढच्या वळणापर्यंत. परत हात वर, परत गर्जना. दोन-तीन वेळा झाल्यावर लोकांना ते आवडायला लागलं. पोरं दोन्ही बाजूंनी उभी राहून शिट्ट्या मारत, म्हाताऱ्या बायका कानावर हात ठेवून हसत. भाऊ स्वतः पुढे जाऊन, दोन्ही हात पसरून, गर्दी मागे सारत होता. आमच्या गावात आजवर कुठला नवरदेव असा मांडवात गेला नव्हता.

मांडवाच्या कमानीखाली बाबांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं, या वेळी स्वतःच्या हाताने. भाच्याला दोघा-तिघांनी खांद्यावर घेतलं आणि आत नेलं. फुलं, अत्तर, जळक्या क्लचचा वास. मी खिडकीशी गेले.

"आलास बघ," मी म्हटलं. "चल, उतर."

"थांब जरा."

मी थांबले. ते समोर बघत होते.

"पाय हालत नाय," ते हळू आवाजात म्हणाले. "गावदेवीपासून कायच कलत नाय त्याच्यान. शेवटी शेवटी मी हातानी उचलून ठेवत होतो. कोनाला सांगू नको."

मी दारात आडवी उभी राहिले, म्हणजे बाहेरून दिसू नये. काहीतरी बोलत असल्यासारखं करत राहिले. बाबांनी चावी काढली, फुलांच्या पाकळ्या झटकल्या, आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली.

"बाबा, आता तर तू जिंकलास. आता कोन मागनार नाय."

"म्हनून तं देतंय. मागितल्यावर दिली आसती तं ती त्यान घेतली आसा झाला आसता."

तेवढ्यात मांडवातून भाऊ धावत आला. गुलाल लागलेला, हसतोय, मागे पाच-पन्नास माणसं ऐकतायत. "बाबा!" त्याने लांबूनच हाक मारली. "मानला तुना! चावी तुज्याकरंच ऱ्हाऊ दे! मी परत तोंड उघरनार नाय! चल, फोटोला बोलावतान!"

"चावी बायकरं हाय," बाबा म्हणाले. "मी दिली. कोनी घेतली नाय."

भाऊ थांबला. त्याने माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं, मग मला बाजूला करून आत बघितलं. बाबांचा डावा पाय अजून क्लचवरच होता, चपलेसकट, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवलेला असावा तसा.  तो दारात गुडघ्यांवर बसला, लग्नाच्या नव्या कपड्यांत आत वाकला आणि दोन्ही हातांनी बाबांचा पाय पेडलवरून उचलला.